मराठवाड्यात एस्टेट गाडी घ्यायची म्हणता? मग आधी एवढं बघून घ्या

मराठवाड्यात मोठी गाडी म्हटली की ती उंचच असली पाहिजे, असा एक अलिखित नियम आहे. लग्नाच्या मांडवापुढे, बाजार समितीच्या आवारात, कोर्टाबाहेर उभ्या असलेल्या गाड्या बघा, सगळ्यांचं बॉनेट छातीला लागतं. अशात कोणी एस्टेटचं नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे ती लांबोडकी? दवाखान्याची असते तशी?"

तीच ती. सेडानचा सांगाडा, पण छप्पर थेट मागच्या दारापर्यंत नेलेलं, त्यामुळे डिक्की आणि बसायची जागा एकाच खोलीत. आपल्याकडे ही जात अगदी नवीन नाही. टाटा एस्टेट होती, मारुतीची बलेनो अल्टुरा होती, टाटाची इंडिगो मरिना आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी होती. यातली एकही फार खपली नाही. पैसे नव्हते म्हणून नव्हे. ऑक्टोबर २०१० मध्ये याच संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. शेंद्र्याच्या एमआयडीसीत स्कोडा आणि ऑडीच्या गाड्या जुळवल्या जातात. म्हणजे भारी गाडी आपल्याला नवी नाही, बुटकी आणि लांब भारी गाडी मात्र अजून पचलेली नाही.

तरी ज्याला गाडी चालवायची हौस आहे आणि घरचं सामानही न्यायचं आहे, त्याने एकदा तरी हा विचार करावा. वजन जमिनीलगत असल्यामुळे वळणावर गाडी फार झुकत नाही, लेन बदलताना डोलत नाही. समोरून कमी वारा अडवते, त्यामुळे १२० च्या वेगाला इंजिनाला उगाच जोर लावावा लागत नाही आणि आवाजही कमी राहतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो, आणि सपाटीवर तिथे कारला १२० ची मर्यादा आहे. मोकळ्या माळरानावर आडवा वारा सुटला की उंच गाडीचं स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं, एस्टेट तेच अंतर शांतपणे काटते.

एवढं कौतुक पुरे. घ्यायची ठरवली असेल तर कामाला लागू.

वही-पेन घेऊन बसा

शोरूमला फोन करण्याआधी तुमचा एक नेहमीचा आठवडा कागदावर लिहा. कुठे जाता, कोणत्या रस्त्याने, गाडीत किती माणसं, मागे काय सामान. "कधीतरी लडाखला जाऊ" हे लिहायचं नाही, खरंच जे होतं तेच लिहायचं.

रोजचं जाणं-येणं शहरात आणि महिन्यातून दोन-तीनदा समृद्धीने किंवा सोलापूर-धुळे महामार्गाने लांबचा पल्ला, असं असेल तर एस्टेट तुमच्यासाठी आहे. तालुक्याच्या गावी राहता, पण शेवटचे पाच-सात किलोमीटर उखडलेलं डांबर आहे, तरी जमेल. मात्र गाडी अमुकच घ्यावी लागेल, तमुक चालणार नाही. आणि शेतातल्या आखाड्यावर जायला काळ्या मातीतली पांदण असेल, पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टरसुद्धा रुतत असेल, तर हा नाद सोडा. ओल्या काळ्या मातीपुढे चारही चाकांना ताकद देणारी युरोपियन गाडी सहा इंच गेल्यावर हात टेकते. चारही टायर गुळगुळीत होतात आणि मग जोर कुठे लागणार?

बाजारात नेमकं काय आहे

इथे बऱ्याच जणांची निराशा होते. परदेशी गाड्यांची चित्रं बघून मन बसतं, आणि इथे शोरूममध्ये विचारलं की विक्रेता हळूच एसयूव्हीकडे वळवतो. प्रीमियम एस्टेट भारतात मोजक्याच आल्या, त्याही बहुतेक आता फक्त जुन्या बाजारात मिळतात.

व्होल्वो व्ही ९० क्रॉस कंट्री जुलै २०१७ मध्ये आली, साठ लाखांच्या घरात. दोन लिटरचं डिझेल, २३५ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून तेवढं उंच. मराठवाड्याच्या रस्त्यांचा विचार केला तर माझ्या मते हीच सगळ्यात शहाणी एस्टेट. चपळ म्हणाल तर तितकी नाही, पण दिसायला इतकी देखणी गाडी आपल्या रस्त्यांवर क्वचितच दिसते.

मर्सिडीजची ई-क्लास ऑल-टेरेन सप्टेंबर २०१८ मध्ये ७५ लाखांना आली. १९४ अश्वशक्तीचं डिझेल, हवेचं सस्पेंशन, आणि कमी वेगात बटण दाबून गाडी थोडी उचलता येते. डिक्की ६४० लिटरची, मागची सीट पाडली की १८२० लिटर. आरामात हिला तोड नाही. पण हवेचं सस्पेंशन हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यावर बोलायचं आहे.

ऑडीची आरएस ६ अवांट २०१५ मध्ये इकडे आली, व्ही ८ इंजिन आणि ५६० अश्वशक्ती घेऊन. ती रोजच्या वापराची गाडी आहे असं कोणी सांगितलं तर तो विकणारा आहे असं समजा. पोर्शेची टायकान क्रॉस टुरिस्मो ही इलेक्ट्रिक, २०२१ मध्ये आली. पैसे कोटीच्या पुढे, आणि चार्जिंगची सोय घरी आणि पोहोचायच्या ठिकाणी अशी दोन्हीकडे असेल तरच.

आणि मग येते ती मधली वाट, जी मी दहातल्या सातांना सुचवेन. स्कोडाची ऑक्टाव्हिया आणि सुपर्ब. दिसायला सेडान, पण मागची काच डिक्कीच्या दारासकट वर उघडते. ऑक्टाव्हियाची डिक्की ६०० लिटरची, आधीच्या सुपर्बची ६२५. म्हणजे व्ही ९० च्या ५६० लिटरपेक्षा जास्तच. २०२१ ची ऑक्टाव्हिया आणि तेव्हाची सुपर्ब, दोन्हींत दोन लिटरचं १९० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, आणि दोन्ही शेंद्र्यात जुळवलेल्या. २०२३ मध्ये दोन्ही बंद झाल्या. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑक्टाव्हिया आरएस पन्नास लाखांच्या आत-बाहेर आली, २६५ अश्वशक्तीची, पण देशभरासाठी फक्त १०० गाड्या आणि त्याही हातोहात गेल्या.

जाहिराती चाळताना एक गोष्ट उपयोगी पडते. ऑडी आपल्या एस्टेटला अवांट म्हणते, बीएमडब्ल्यू टुरिंग, स्कोडा कॉम्बी, आणि व्होल्वोच्या नावात व्ही असतो. क्रॉस, ऑल-टेरेन असं काही जोडलेलं असेल तर गाडी उचललेली आहे असं समजा. आपल्याला तीच हवी.

मोजायचा टेप सोबत न्या

गाडी बघायला जाताना खिशात टेप ठेवा. विक्रेता हसेल, हसू द्या.

कागदावर लिहिलेला ग्राउंड क्लिअरन्स बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. आपली गाडी रिकामी कधी असते? तुळजापूरला निघालो तर पाच माणसं, पाण्याचा कॅन, डब्यांच्या पिशव्या, नारळ आणि परत येताना कोणाच्या तरी शेतातली पोतंभर ज्वारी. मागचे स्प्रिंग दबतात आणि कागदावरचे १६० मिलिमीटर प्रत्यक्षात बरेच कमी होतात. म्हणून चार माणसं गाडीत बसवा आणि मग बाहेर येऊन चाकांच्या मधोमध, दाराखालच्या पट्टीपासून जमिनीपर्यंत मोजा. नंतर वाकून इंजिनाखालचं प्लास्टिक, सायलेन्सर आणि पुढच्या बंपरची खालची ओठी बघा. सगळ्यात खाली काय लोंबतंय, आधी तेच लागणार.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं गाडीचं पोट गतिरोधकावर टेकायची शक्यता जास्त. ई-क्लास आणि व्ही ९० चं हे अंतर २.९ मीटरच्या पुढे आहे. आपल्या गावांतले गतिरोधक कोणत्या मापाने करतात हे ग्रामपंचायतीलाच माहीत. अपघात झाला की रात्रीतून मुरूम-डांबराचा ढीग पडतो, ना पांढरे पट्टे ना बोर्ड. पुढची चाकं चढून उतरतात, मागची अजून चढलेली नसतात, आणि मधल्या मध्ये खर्रर्र असा आवाज येतो. त्या आवाजाने पोटात गोळा येतो आणि खिशाला भोक पडतं. तुमच्या गावच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट गतिरोधक कोणता हे तुम्हाला ठाऊक असतंच. व्यवहार करण्याआधी भरलेली गाडी त्याच्यावरून तिरपी न करता, सरळ आणि सावकाश न्या. विकणारा नाही म्हणाला तर उत्तर तिथेच मिळालं.

टायरवरचे आकडे वाचा

स्पोर्टी दिसण्यासाठी कंपन्या मोठी चाकं आणि पातळ टायर देतात. फोटोत छान दिसतं. आपल्या रस्त्यांवर हेच सगळ्यात आधी रडवतं.

टायरच्या बाजूला २२५/४० आर १९ असं लिहिलेलं असतं. २२५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे त्या रुंदीच्या चाळीस टक्के उंचीची रबराची भिंत. हिशेब केला तर ९० मिलिमीटर, जेमतेम साडेतीन इंच. खड्ड्याची धारदार कड आणि अॅलॉय चाकाची कड यांच्यामध्ये एवढंच रबर. तेच २३५/५५ आर १८ असेल तर भिंत १२९ मिलिमीटरची होते. आकड्यात फरक किरकोळ वाटतो, पण खड्ड्यात पहिल्याने टायर फुगतो किंवा अॅलॉय वाकतो, आणि दुसऱ्याने फक्त शिवी येते. एकाच मॉडेलमध्ये दोन मापांची चाकं मिळत असतील तर लहान रिम आणि जाड टायर घ्या. शोरूममधला माणूस नाक मुरडेल.

या मापानंतर, सगळ्यात शेवटी लिहिलेलं इंग्रजी अक्षर वेगाची मर्यादा सांगतं. एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने स्वस्तातले टायर चढवले असतील तर इथे कळतं. आणि चार आकड्यांचा एक शिक्का असतो, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३२० असेल तर २०२० च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही ताजी दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर घेऊन मे महिन्यात समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर जाऊ नका. घासलेल्या टायरच्या गाड्या समृद्धीच्या प्रवेशापाशी परिवहन विभागाने मध्यंतरी अडवायला सुरुवात केली होती, ती उगाच नाही. हवा गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरायची. भरलेल्या गाडीचा आकडा तिथे वेगळा दिलेला असतो.

स्टेपनी आहे का, हेही डिक्कीचा तळ उचलून डोळ्यांनी बघा. काहींत फक्त पंक्चरचं किट असतं, काहींत बारीक चाक, काहींना रन-फ्लॅट टायर. रन-फ्लॅट हवा गेल्यावरही साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जातो, पण बाजूने फाटला तर तोही बसला. जिंतूरहून हिंगोलीकडे जाताना रात्री नऊला १९ इंची टायर कोणत्या दुकानात मिळणार, याचा विचार घरी बसूनच करावा.

इंजिन, आणि तुमच्या गावचा पंप

डिझेलला ओढ भरपूर आणि लांबच्या पल्ल्याला अॅव्हरेज चांगलं. पण बीएस ६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारं फिल्टर असतं. ते जाळून साफ व्हायला गाडी अधूनमधून वीसेक मिनिटं सलग वेगात चालावी लागते. घर ते दुकान, दुकान ते शाळा एवढंच फिरणं असेल तर फिल्टर तुंबतं, दिवा लागतो आणि बिल येतं. काही डिझेल गाड्यांना डीईएफ हे धूर स्वच्छ करणारं द्रावणही टाकावं लागतं. ते मिळायची अडचण नाही, जालन्याचं स्टील नेणाऱ्या ट्रकनाही तेच लागतं, पंपावर आणि ट्रकच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कॅन मिळतो. फक्त सील बघून घ्या.

पेट्रोल टर्बोचं वेगळं. टाकीच्या झाकणामागे ९५ ऑक्टेन लिहिलेलं असेल तर त्याहून कमी ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलवर ती चालेल, पण उन्हाळ्यात चढावर पाय दाबला की हातचं राखून चालेल. एक्सपी ९५ सारखं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल तुमच्या तालुक्याच्या पंपावर नेहमी असतं की "आलं नाही अजून, उद्या या" असं होतं, ते विचारून ठेवा. २०२३ च्या आधीच्या गाड्यांत ई २० पेट्रोलबद्दल पुस्तिकेत काय लिहिलंय तेही वाचा. वीस टक्के इथेनॉलने अॅव्हरेज थोडं उतरतं हे धरूनच चाला.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दोन क्लचवाला असेल तर तो ड्राय आहे की तेलात बुडालेला, हे विचारा. गर्दीत रांगत चालायला तेलातला बरा. वर सांगितलेल्या दोन लिटरच्या ऑक्टाव्हियाचा तसाच आहे.

माणसं, ऊन आणि मोसंबीची कॅरेटं

आईला किंवा आजीला सोबत नेऊन मागच्या सीटवर बसवून बघा. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण एस्टेट इथे एसयूव्हीपुढे हरते. सीट खाली असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसताना खाली जावं लागतं आणि उठताना दाराचा आधार घ्यावा लागतो. "बस की गं मावशी, गाडी किती मऊ आहे" म्हणून चालत नाही. तिला स्वतःहून दोनदा चढू-उतरू द्या आणि तिच्या तोंडाकडे बघा. उचललेल्या क्रॉस कंट्रीत हा त्रास बराच कमी होतो.

परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. एस्टेटमध्ये डिक्की आणि केबिन एकच असल्यामुळे एसीला जास्त हवा गार करावी लागते. दुपारी दोन वाजता, उन्हात तासभर उभी केलेली गाडी मागा आणि मागच्या सीटपर्यंत गारवा किती वेळात पोहोचतो ते बसून बघा. काचेचं मोठं छप्पर असेल तर त्याचा पडदा जाड कापडाचा आहे की जाळीचा, तेही बघा. सीटला हवा येण्याची सोय असेल तर इथे ती चैन नाही. काळ्या फिल्मचा विचार करू नका, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच त्यावर बंदी घातली आहे.

डिक्कीचे लिटर वाचून कोणाला काही कळत नाही. त्यापेक्षा मोसंबीची प्लॅस्टिकची दोन-तीन रिकामी कॅरेटं सोबत घेऊन जा. ती आडवी किती बसतात, एकावर एक ठेवून झाकण लागतं का, हे बघा. मागची काच जितकी उतरती, गाडी तितकी स्पोर्टी दिसते आणि वरचं कॅरेट तितकं अडतं. दोन्ही हवं असं होत नाही. कड किती उंच आहे तेही बघा. भरलेलं कॅरेट एसयूव्हीत छातीपर्यंत उचलावं लागतं, एस्टेटमध्ये मांडीपर्यंत. ज्याने रोज सामान चढवलंय त्याला या एका गोष्टीसाठी गाडी आवडेल. तळ आणि पाडलेल्या सीटची पाठ एका पातळीत येतात का, सीट पाडायचा खटका डिक्कीतून ओढता येतो का, हे करूनच बघावं.

सामानाची जाळी आहे का ते विचारा. सेडानमध्ये सामान आणि माणसं यांच्यात सीटची भिंत असते. इथे सीटच्या वरपर्यंत रचलेली पेटी जोरात ब्रेक लागला तर थेट मागच्यांच्या डोक्यावर येते. खताची पिशवी किंवा मेथीच्या जुड्या टाकल्या तर वासही आख्ख्या गाडीत फिरतो, हेही ओघाने आलंच. आणि मागचा वायपर पाण्यासकट चालतो का ते चालवून बघा. सपाट पाठीच्या गाड्या मागची धूळ स्वतःच्या काचेवर ओढून घेतात. दहा किलोमीटर कच्च्या रस्त्याने गेलं की आरशात नुसता तपकिरी पडदा.

सर्व्हिस सेंटर किती लांब

हा मुद्दा गाडीच्या रंगाआधी ठरवायचा, आणि लोक नेमके उलटं करतात. भारी गाड्यांची सोय मराठवाड्यात मुख्यतः संभाजीनगरात. लातूर, नांदेड, उदगीरकडच्यांना पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं. तेल बदलायला एक दिवस आणि एका टाकीतलं बरंचसं पेट्रोल जाणार असेल तर ते खर्चात धरा.

फोन करून तीन गोष्टी विचारा. या मॉडेलचं काम तुमच्याकडे अलीकडे झालंय का? पुढची काच, पुढचा बंपर आणि मागचा एक दिवा, हे पार्ट मागवल्यावर किती दिवसांत येतात? आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर उचलायला फ्लॅटबेड येते का, किती किलोमीटरपर्यंत? चारही चाकांना ताकद असलेली ऑटोमॅटिक गाडी दोराने किंवा पुढची चाकं उचलून ओढायची नसते, गिअरबॉक्स जातो. गावातला क्रेनवाला दादा "काही होत नाही साहेब" म्हणतो. त्याला हात जोडा.

हवेच्या सस्पेंशनबद्दल थोडं. त्यात रबरी फुगे आणि एक कॉम्प्रेसर असतो. ऊन, धूळ आणि वय यांनी रबर तडकतं. रात्रभर सपाट जमिनीवर उभी केलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी बघा. एक कोपरा बसलेला दिसला तर तो फुगा गळतोय. पाच वर्षांपुढची गाडी असेल तर एका फुग्याचा आणि कॉम्प्रेसरचा खर्च लेखी विचारा आणि भाव करताना तोच कागद पुढे ठेवा.

चालवून बघताना

शोरूमच्या मागच्या रस्त्यावरची दोन चकरांची टेस्ट ड्राइव्ह ही फोटो काढण्यापुरतीच असते. संभाजीनगरात असाल तर दौलताबादवरून खुलताबादचा घाट चढून वेरूळला जा. अरुंद जागा, चढ, वळणं, पर्यटकांच्या बस, सगळं एका रस्त्यात मिळतं. बीडकडचे असाल तर मांजरसुंब्याचा घाट आहेच. चढावर ओव्हरटेक करताना गिअर किती पटकन उतरतो, वळणात स्टिअरिंग हाताला काही सांगतं की नुसतं हलकं फिरतं, हे तिथे कळतं. मग ऐंशीच्या वेगाने पुलाच्या जोडावरून जा आणि कान मागे ठेवा. डिक्कीतून खडखड, पत्र्याची करकर, सीटच्या कुलपाचा आवाज, जे काही असेल ते इथे उघडं पडतं.

एक फेरी अंधारात मारा. ऊसतोड सुरू झाली की रात्री मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. एस्टेटमध्ये तुम्ही खाली बसता, पुढच्या गाडीच्या पलीकडचं दिसत नाही, त्यामुळे हेडलाइट चांगलेच हवेत. दिव्यांत तडजोड करू नका.

जुनी घेताना

बहुतेकांना जुनीच घ्यावी लागणार, म्हणून इथे घाई नको. परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मालक कितवा, विम्याची तारीख, बँकेचा बोजा आहे का हे बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, आणि वर महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदीची धास्ती राहिली आहे म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात दिसतात. कर, वाहतूक आणि एजंटचे पैसे धरून बेरीज करा, स्वस्ताई बरीच आटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूर, नांदेडमध्ये पुराने जे थैमान घातलं ते आपण पाहिलंच. तेव्हा पाण्यात गेलेल्या गाड्या आता धुऊन-पुसून विकायला येणार. सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसते. डिक्कीचा तळ उचला, स्टेपनीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात गाळ असतो. सीटखालचे बोल्ट गंजलेले असतील आणि गाडीत सुगंधी फवारा जरा जास्तच मारला असेल, तर नमस्कार करून निघा.

नंतर गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे रॅम्पवर चढवा. खालचं प्लास्टिक फाटलंय का, ऑइलची टाकी चेपलीय का, अॅलॉयची आतली बाजू वाकलीय का. बाहेरची बाजू पॉलिश करून देतात, आतली कोणी करत नाही. सर्व्हिसचा इतिहास पुस्तकातल्या शिक्क्यांवरून नव्हे तर कंपनीच्या नोंदीतून मागवा. किलोमीटर मागे घेतलेले असतील तर तिथे पकडले जातात.

पैशांचा हिशेब

नवीन गाडी असेल तर वीस लाखांच्या वर महाराष्ट्रात पेट्रोलला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के रस्ता कर धरा, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. सीए कंपनीच्या नावावर घ्या म्हणतो तेव्हा हा फरक त्याच्यापुढे ठेवा.

विम्यात झिरो डेप्रिसिएशन (म्हणजे पार्टची झीज न कापता भरपाई) तर हवंच, पण आपल्याकडे इंजिन संरक्षण आणि टायर-रिम यांची भर जास्त कामाची. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला तर इंजिनात पाणी ओढलं जातं आणि साध्या विम्यातून ते मिळत नाही. ओढ्यावरचा पूल पाण्याखाली असेल तर थांबा, चहा प्या.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात अलाइनमेंट करून घ्या, हवेचं फिल्टर उघडून बघा आणि इंजिनाखाली मूळ प्लास्टिकच्या जागी धातूची गार्ड प्लेट बसवता येते का ते सर्व्हिस सेंटरला विचारा. जुन्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागलेली नसेल तर तीही याच फेरीत लावून टाका, आणि टोलचा फास्टॅग आधीच्या मालकाच्या खात्यातून काढून आपल्या नावाचा लावा.